मक्का स्ट्रीटवरून सान्तियागो

व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला तेव्हा
ओफेलिया तुस्कानो रडली नाही.
फ्रीजवरचं ड्यूटीचं वेळापत्रक ओढून काढलं,
त्याच्या पाठीवर एक वाकडी रेघ मारली
फ्रान्सच्या वेशीपासून सान्तियागोपर्यंत,
तेहतीस मुक्काम, सातशे ऐंशी किलोमीटर,
आणि म्हणाली, मग इथेच चालते.

इथे म्हणजे फहाहीलला.
डोंगर कुठून आणायचा?
पहिल्या दिवसाचा पिरेनीज ती
आमच्या बिल्डिंगच्या अकरा मजल्यांत चढली,
लिफ्ट धडधाकट चालू असताना.
नवव्या मजल्यावरची मिसरी बाई
दर फेरीला दार किलकिलं करून विचारायची, पाणी?
रॉन्सेस्व्हायेस आलं तेव्हा
रात्रीचे पावणेदोन वाजले होते
आणि सहाला ड्यूटी.

यात्रेकरूकडे म्हणे वही असते,
मुक्कामागणिक शिक्का घ्यायचा.
तिने रक्तदाबाच्या नोंदींची जुनी वही घेतली.
पाम्प्लोनाचा शिक्का मल्याळी किराणावाल्याचा,
लोग्रोन्योचा लाँड्रीचा, जांभळा, पुसट.
बुर्गोसला इराणी रोटीवाल्याकडे शिक्काच नव्हता,
त्याने पिठाचा अंगठा उमटवला.
ते पान झटकायचं नाही, असा तिचा हुकूम.

वॉर्ड तीनमधल्या स्पॅनिश वेल्डरनं
भाजलेल्या हातानं हवेत आखून तिला सांगितलेलं:
काऱ्यॉननंतर सतरा किलोमीटर
ना गाव, ना झाड, ना नळ.
हे तर ओळखीचं, ती हसली,
आणि हायवेलगत तेलाच्या कुंपणाकडेने
चालत राहिली.
दूर रिफायनरीची ज्योत.
तिला तिथे गहू दिसायचा का,
मी कधी विचारलं नाही.

साहागूनला गुडघे गेले.
बरोब्बर अर्ध्यावर.
डॉक्टरने एक्सरे उजेडाला धरला,
दोन हाडांमध्ये जिथे फट हवी
तिथे काहीच नव्हतं.
एकेरी तिकीट, तीस किलो सामान,
वसईतलं गास गाव.
वही माझ्या उशीवर.

मी कराडची. लॅबमध्ये रक्त मोजते.
संत याकोबाशी माझी ओळख नाही,
देवाशीही बोलणं बंद आहे.
उरलेली पानं कोरी होती, एवढंच;
नोंदवहीतलं कोरं पान मला बघवत नाही.

लेओन मी मक्का स्ट्रीटवर केलं,
सोन्याच्या दुकानांवरून सहा फेऱ्या.
जूनमध्ये मॉलच्या गारव्यात शिरले,
वॉचमन तिसऱ्या दिवशी
माझ्यासोबत मोठ्याने आकडे मोजू लागला.
लोखंडी क्रुसापाशी घरचा दगड ठेवायचा असतो.
तिचा ड्रॉवरमध्ये सापडला,
कॅल्शियमच्या गोळ्यांच्या डबीत,
निर्मळच्या तळ्याकाठचा.
समुद्राकाठी विजेच्या खांबाच्या बुडाशी ठेवला,
जरा लाजतच.
सकाळी झाडूवाला
त्याच्याभोवतीनं झाडून गेला होता.

शुक्रवारी तिचा फोन.
कुठे पोचलीस?
सारिया.
मग शंभरेक उरले. तिकडे पाऊस असतो हं,
रेनकोट घे.
खिडकीबाहेर धुळीनं समोरची बिल्डिंग दिसेना,
पारा सेहेचाळीसवर.
घेतला, म्हटलं.

आता वीस किलोमीटर उरलेत.
पंधरा दिवस झाले, मी बूट घातलेले नाहीत.
पोचले की वही पोस्टाने पाठवावी लागेल,
आणि या खोलीत मग
एक कॉट, एक पंखा,
फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीचे डाग.

शेवटच्या पानावर कुणाचा शिक्का घ्यावा
ठरत नाही.
माझ्याकडे आहे तो लॅबचा:
नमुना मिळाला.
खाली तारखेची जागा,
ती हातानंच लिहावी लागते.